दोन पांढरे प्लग: सांगलीतल्या एका अ‍ॅम्बेसिडरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९८४ सालची अ‍ॅम्बेसिडर, मार्क ४, पेट्रोल. इंजिन १४८९ सीसीचं, मूळचं इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं, चार सिलेंडर, वर एकच सोलेक्स कार्बोरेटर, बाजूला पॉइंट-कंडेन्सरचा डेल्को, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्यूटर. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. विश्रामबागेत राहतात, गाडी स्वतः चालवतात आणि बहुतेक शनिवारी नरसोबाच्या वाडीला जातात. गाडी त्यांच्या मिस्टरांनी घेतलेली. विकायची नाही, शोभेला झाकूनही ठेवायची नाही, चालवायची, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. माझ्या कामाच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची होती. चार महिन्यांतून एकदा स्टार्ट करायची गाडी आणि दर आठवड्याला पन्नास किलोमीटर पळणारी गाडी यांची दुरुस्ती एकसारखी करून चालत नाही.

या गाडीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना म्हणजे ऑगस्ट २०१९चा महापूर. कृष्णेचं पाणी तेव्हा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. बाईंचं बिऱ्हाड त्या वेळी गावभागात होतं. गाडी हेडलाइटपर्यंत पाण्यात चार दिवस उभी राहिली. पुढे एका गॅरेजने तिचं ऑइल बदललं, टाकी उतरवून धुतली, वायरिंग नवीन केलं आणि गाडी सुरू करून दिली. त्या वेळी शहरात शेकडो गाड्या रांगेत होत्या. त्या गर्दीत जेवढं झालं तेवढं झालं, त्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही.

२०२३ साली तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बीडाचा नळ, तडकला. दुसऱ्या एका गॅरेजने जुन्या बाजारातला मॅनिफोल्ड आणून बसवला. हा मुद्दा बाईंनी मला पहिल्या दिवशी सांगितला नाही, आणि मीही विचारलं नाही.

तक्रार

एप्रिल २०२५मध्ये गाडी माझ्याकडे आली. बाईंचे शब्द असे: "सकाळी थंड असताना शहाण्यासारखी चालते. चोक आत ढकलला की थरथरायला लागते. सिग्नलवरून उचलताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी दम तोडते, मग झटका मारून पळते. आणि दंडोबाच्या चढाला तर खोकतच जाते."

मी गाडी चालवून बघितली. तक्रार अगदी नेमकी होती. आयडलिंगला मिसिंग (मधूनच सिलेंडर न पेटणं), इंजिन फाउंडेशनवर हलत होतं. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबला तर चालवून घेत होती, पटकन दाबला की कार्बोरेटरमधून फुस्स करून उलटी खोकत होती. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला पूर्ण पाय दिला तरी ओढ नव्हती.

माझ्याआधी दोन गॅरेजेसनी हात लावलेला होता. दोघांचंही निदान एकच: पुराचा गाळ टाकीत राहिलाय, तो कार्बोरेटरमध्ये येतोय. एकाने कार्बोरेटर उघडून साफ केला आणि किट टाकलं. दुसऱ्याने टाकी पुन्हा उतरवली, फिल्टर बदलला, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम बदलला, कार्बोरेटर परत उघडला. प्रत्येक वेळी आठवडाभर थोडा फरक, मग परत तेच. आता सल्ला होता की कार्बोरेटरच नवा घ्या. आणखी एक मतप्रवाह शेजाऱ्यांचा होता, की हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतंय. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या असल्यामुळे इथेनॉलविषयी प्रत्येकाचं काहीतरी मत असतं.

पहिला निर्णय: कार्बोरेटर उघडायचा की नाही

मी तो उघडला नाही. दोन हातांखालून नुकताच गेलेला कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडून नवीन काही कळणार नव्हतं. उलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) पिळवटणं, फ्लोटची पातळी बिघडणं, पायाची कड वाकणं असे नवे घोटाळे वाढले असते. झाकण काढून फ्लोटच्या वाटीत फक्त डोकावलो. तळ स्वच्छ होता. गाळ नव्हता, पाण्याचे मणी नव्हते. अ‍ॅक्सिलरेटर हाताने दाबला की पंपाच्या तोटीतून पेट्रोलची सरळ, सलग धार पडत होती. म्हणजे उचलताना जे जादा पेट्रोल मिळायला हवं ते मिळत होतं. तिथेच गाळाच्या कथेवरचा माझा विश्वास उडाला.

मग प्लग काढले. गाडी रस्त्यावरून आल्या आल्या, आयडलिंगला न ठेवता बंद करून. माझ्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा शिकतो. त्याने चारही प्लग क्रमाने फळीवर मांडले आणि म्हणाला, "मामा, हे दोन पांढरे का हो?"

रेडिएटरच्या बाजूचे १ आणि २ नंबरचे प्लग खडूसारखे पांढरे होते. ३ आणि ४ मारी बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे जसे असावेत तसे. या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तो होता. टाकीतला गाळ, पंप, जेट, इथेनॉल यांतलं काहीही दोष असतं तर चारही प्लग सारखे बोलले असते. एकच कार्बोरेटर चौघांना पाजतो. तो पुढच्या दोघांना उपाशी ठेवून मागच्या दोघांना पोटभर देऊ शकत नाही.

तपासणी: एक आणि दोनमध्ये काय सामाईक आहे

इंजिन चालू ठेवून इन्सुलेशनच्या पकडीने एकेक प्लगची वायर काढून बघितली. ३ किंवा ४ काढली की इंजिन लगेच पडायला लागायचं. १ किंवा २ काढली तरी जेमतेम फरक. म्हणजे पुढचे दोन सिलेंडर आयडलिंगला जवळपास कामच करत नव्हते.

अशी शेजारची जोडी मंद पडली की या इंजिनात तीन संशयित असतात. तिघांचा विचार मी कसा केला ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक जण घसरतात.

पहिला संशयित हेड पॅकिंग, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग. दोन सिलेंडरांच्या मधली पट्टी जळली की दोघांचं कॉम्प्रेशन एकमेकांत जातं आणि दोघे एकदम मंद पडतात. पुरात बुडालेल्या इंजिनाच्या बाबतीत ही शंका आधी यावी. पण गेज लावलं तेव्हा चारही सिलेंडर ११५ ते १२० पीएसआयच्या दरम्यान आले. म्हणजे हेड पॅकिंग निर्दोष सुटलं.

दुसरा संशयित डेल्कोची कॅप. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. क्रम गोल फिरतो, त्यामुळे कॅपमध्ये २च्या शेजारी लगेच १ येतो. कॅपला आतून काजळीची बारीक रेघ पडली तर १ आणि २चा स्पार्क एकमेकांत पळू शकतो. ब्लॉकवर शेजारी असलेले दोन सिलेंडर कॅपमध्येही शेजारी, हा योग फसवा आहे. कॅप काढून उजेडात बघितली, स्वच्छ होती. तरी खात्रीसाठी माझ्याकडची दुसरी कॅप लावली. मिसिंग तसंच. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) होता, बरोबर होता.

तिसरा संशयित हवा. बी-सिरीज इंजिनाच्या हेडला इनलेटचे पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण आत जायच्या वाटा, चार नसतात, दोनच असतात. १ आणि २ मिळून एक, ३ आणि ४ मिळून एक. पुढच्या पोर्टच्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली तर १ आणि २चंच मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, होणार. प्लग पांढरे पडणार, पातळ मिश्रण पेटणार नाही म्हणून मिसिंग होणार, उचलताना कार्बोरेटरमधून खोकणार. आणि चोक ओढला की मिश्रण घट्ट होऊन गाडी सुधारणार. बाई पहिल्याच वाक्यात हेच सांगत होत्या. थंड असताना चोक ओढलेला असतो, म्हणून तेव्हा गाडी शहाणी. गरम इंजिनावर चोक अर्धा ओढून बघितला. थरथर निम्म्याने कमी झाली. स्पार्कचा दोष असता तर चोकने सुधारणा झाली नसती.

पीयूसी सेंटरवरही गाडी नेली. सर्टिफिकेटसाठी नाही, फक्त आकडे बघायला. कार्बन मोनॉक्साइड फार कमी आणि हायड्रोकार्बन भरपूर आलं. म्हणजे पेट्रोल कमी, आणि जे आहे तेही न जळता बाहेर. हा जोड पातळ मिश्रणाच्या मिसिंगचाच असतो.

गळतीची जागा शोधायला हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवत नेलं. पुढच्या पोर्टपाशी 'सूंऽऽ' असा आवाज स्पष्ट आला. इंजिन कोमट असताना तेलकुपीने तिथे घट्ट ऑइलचे चार थेंब सोडले. क्षणभर आयडलिंग सुधारलं, मग सायलेन्सरमधून निळसर धूर आला. ऑइल आत ओढलं गेलं होतं. पुष्कळ जण या कामाला पेट्रोल शिंपडतात. खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. तसं करताना पेटलेली गाडी मी पाहिली आहे, कृपा करून कोणी करू नये. पाण्याची पिचकारीही नको, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) गार पाण्याने तडकतं.

मॅनिफोल्ड का गळत होता

पॅकिंग बदलून मोकळं होता आलं असतं. पण पॅकिंग जुनं दिसत नव्हतं, नटही घट्ट होते. तेव्हा मी बाईंना विचारलं, "बाई, हा मॅनिफोल्ड कधी उघडला होता काय?" त्या म्हणाल्या, "अहो मिस्त्री, दोन वर्षांपूर्वी एक्झॉस्टचा बदललाय की. तडकलेला जुना अजून माळ्यावर आहे."

या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात. काही नटांखाली जाड मोठे वॉशर असतात. त्यांचा अर्धा भाग इनलेटच्या कडेवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या कडेवर टेकतो. दोन्ही कडा सारख्या जाडीच्या असतील तरच दोन्हींवर सारखा दाब येतो. व्हर्नियर लावलं. जुन्या बाजारातून आणलेल्या एक्झॉस्टची कड इनलेटपेक्षा ३० थाऊने, म्हणजे पाऊण मिलिमीटरने जाड होती. नट कितीही आवळला तरी वॉशर एक्झॉस्टवर टेकून थांबत होता. इनलेट नुसता लटकत होता. इंजिन तापलं की तो सांधा उघडायचा. माळ्यावरचा तडकलेला मॅनिफोल्ड मागवून मोजला. त्याची कड इनलेटला बरोबर जुळत होती.

पर्याय

दोन पॅकिंगं एकावर एक घालून वर सीलंट लावणं सगळ्यात स्वस्त होतं, पण एक्झॉस्टच्या उष्णतेत ते एक उन्हाळाही काढत नाही. जुना मॅनिफोल्ड वेल्डिंग करून लावावा असं बाईंच्या मनात होतं, कारण तो मूळ गाडीचा. बीडाचं वेल्डिंग नीट तापवून, सावकाश थंड करून केलं तर टिकतं, पण एक्झॉस्टच्या या जागी रोजच्या गरम-थंड होण्यात मी त्याची हमी देऊ शकलो नसतो. वॉशर एका बाजूने पायरीसारखे घासून घेणं शक्य होतं आणि ते वाईट काम नाही. पण पुढचा कोणी मिस्त्री ते उलटे बसवील अशी मला भीती वाटली.

शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये दोन्ही मॅनिफोल्डची तोंडं सपाट करून घेतली आणि एक्झॉस्टच्या कडेची पाठ मिलिंगवर तेवढी उतरवून जाडी जुळवली. पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने तपासलं, दोन थाऊचं पानसुद्धा शिरत नव्हतं. नवीन पॅकिंग, नवीन नट. गाडी गरम करून थंड झाल्यावर नट पुन्हा आवळले. ही शेवटची पायरी वगळू नये, नवीन पॅकिंग पहिल्या तापात बसतं.

आयडलिंग लगेच गुळगुळीत झालं. वायर काढायची चाचणी परत केली. चारांपैकी कोणतीही वायर काढली तरी इंजिन सारखंच पडत होतं.

माझी चूक

गाडी दंडोबाला नेली. सिग्नलवरचं दम तोडणं गेलं होतं, खोकणं गेलं होतं. पण चढाला ओढ अजून नव्हती. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. मॅनिफोल्डमधून येणारी चोरटी हवा आयडलिंगला आणि कमी अ‍ॅक्सिलरेटरला जास्त त्रास देते. पूर्ण पाय दिला की एकूण हवाच इतकी असते की तेवढ्या गळतीने फारसं बिघडत नाही. चढावरची तक्रार त्या गळतीने पूर्ण समजत नव्हती. एक दोष सापडल्याच्या आनंदात मी दुसरी तक्रार पहिलीच्या खात्यात टाकली होती.

तिथेच दुसरी चूक केली. रस्त्याकडेला डेल्को सैल करून कानाने टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, थोडं पुढे घेतलं. ओढ वाढली, पण चढावर इंजिन खळखळ नॉकिंग करायला लागलं. तसंच चालवलं असतं तर पिस्टनला धोका होता. परत आणून टायमिंग पूर्ववत केलं आणि मग टायमिंगची खूण दाखवणारा स्ट्रोब लाइट काढला, जो पहिल्या दिवशीच काढायला हवा होता.

व्हॅक्यूमची नळी काढून ठेवली. आयडलिंगला पुलीवरची खूण जागेवर. आरपीएम वाढवत नेले तशी खूण चांगली वीस-पंचवीस अंश सरकायला हवी, कारण इंजिन वेगाने फिरतं तेव्हा स्पार्क लवकर द्यावा लागतो. ती हललीच नाही. कॅप काढून रोटर बोटाने पिळला. तो थोडा फिरून स्प्रिंगने परत यायला हवा. तो दगडासारखा घट्ट होता.

डेल्को उतरवून पॉइंटची प्लेट काढली. खाली अ‍ॅडव्हान्सची दोन वजनं असतात, जी वेग वाढला की स्पार्क लवकर आणतात. ती गंजून धरलेली होती आणि भोवती वाळलेला बारीक करडा गाळ होता. २०१९चा. सगळे टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये शोधत होते तो पुराचा गाळ अखेर सापडला, पण इथे. वरून पॉइंट आणि कंडेन्सर नवे पडत गेले, प्लेटच्या खाली कोणी बघितलं नाही.

यातून मॅनिफोल्ड तडकण्याचंही कारण मला जुळतं. वेगात स्पार्क उशिरा पडत राहिला की जाळ सिलेंडरात संपत नाही, धूर जास्त गरम होऊन बाहेर पडतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गरजेपेक्षा तापतो. चार वर्षं असं तापून तो तडकला असावा. तो बदलताना जाडीचा फरक राहिला, इनलेट गळायला लागला, आणि त्या गळतीसाठी दोनदा कार्बोरेटर उघडला गेला. हे सिद्ध करण्याचा मार्ग माझ्याकडे नाही, पण सगळे तुकडे एकमेकांत बसतात.

दुसरा निर्णय: डेल्को

बाईंच्या भाच्याने सुचवलं की पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा. ते किट चांगलं असतं, मी बऱ्याच गाड्यांना बसवलं आहे. पण ते फक्त पॉइंट आणि कंडेन्सरची जागा घेतं. खालची वजनं तीच राहतात. किट बसवलं असतं तर पैसे जाऊन गाडी चढाला तशीच राहिली असती. नवीन डेल्को मिळत होता, पण अंगावरचा नंबर वेगळा होता. नंबर वेगळा म्हणजे आतल्या स्प्रिंगा वेगळ्या, आणि स्प्रिंगा वेगळ्या म्हणजे अ‍ॅडव्हान्स चुकीच्या वेगाला येणार. म्हणून जुनाच रॉकेलमध्ये भिजवून मोकळा केला, वजनांच्या खुंट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या, हलकं तेल दिलं. एक स्प्रिंग ताणलेली होती. ती त्याच नंबरच्या भंगारातल्या डेल्कोतून घेतली. मिळायला आठ दिवस गेले. बाई थांबल्या, याबद्दल त्यांचे आभार.

परिणाम

डेल्को बसवून स्ट्रोबवर टायमिंग लावलं. खूण वेगाबरोबर सरकायला लागली. दंडोबाचा चढ तिसऱ्या गिअरवर, नॉकिंगशिवाय.

त्यानंतरच इथेनॉलकडे वळलो. आधी वळलो असतो तर जेट मोठा करून गळती झाकली गेली असती आणि मागचे दोन सिलेंडर काळे पडले असते. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्याला १३.५च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळच पडतं. पाचशे किलोमीटरनंतर प्लग काढले. चारही सारखे, पण किंचित फिके. आता सारखे फिके होते म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडल्या होत्या, त्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवल्या.

आज हेच काम परत आलं तर

गाडी आत घेण्याआधी बसून विचारीन की शेवटचं काय बदललं आणि कधीपासून बिघडलं. मॅनिफोल्ड हा शब्द पहिल्या दिवशी निघाला असता तर दोन दिवस वाचले असते. कॅप पहिल्यांदा काढली तेव्हाच रोटर बोटाने पिळून बघायला हवा होता. दहा सेकंदांचं काम, आणि कॅप माझ्या हातात होती. प्रत्येक तक्रार वहीत वेगळी लिहून, सापडलेला दोष कोणती तक्रार समजावतो आणि कोणती नाही, हे मी आता मुलाला लिहायला लावतो. कार्बोरेटर न उघडण्याचा निर्णय मात्र मी परत तसाच घेईन.

एक तक्रार उरली आहे. मे महिन्याच्या दुपारी वाडीला गाडी वीस मिनिटं उभी राहिली की परत स्टार्ट व्हायला वेळ घेते. वाटीतलं पेट्रोल उष्णतेने उकळून आत सांडतं आणि मिश्रण घट्ट होतं. चोकला हात न लावता अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून धरून सेल मारला की दुसऱ्या फेरीला उचलते. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर घालून बघायचा आहे, पण त्याने बॉनेटला उंची पुरते का ते मोजायचं राहिलंय. पावसाळ्याआधी बाई गाडी घेऊन येणार आहेत.